तुरुंग प्रशासनातून फौजदारी न्यायाच्या अध्यापनाकडे: पहिल्या सत्राची तयारी कशी करावी

तुरुंगात वर्षानुवर्षे काम केलेला अधिकारी वर्गात उभा राहिला की पहिले दोन तास हमखास रंगतात. विद्यार्थी प्रश्न विचारतात, किस्से निघतात, वेळ कसा गेला कळत नाही. अडचण तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. किस्से संपत येतात, अभ्यासक्रम तिथेच असतो, आणि परीक्षेत नेमके काय विचारायचे हे शिक्षकालाच ठरवता येत नाही. अनुभव हा कच्चा माल आहे. विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घेऊन पाहता येईल असे त्याचे प्रश्न बनवले नाहीत, तर तो करमणुकीपुरता राहतो. हे रूपांतर कसे करायचे ते इथे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: नोकरीची यादी नको, निर्णयांची यादी करा

बायोडेटात हुद्दे असतात: जेलर, उपअधीक्षक, अधीक्षक. अध्यापनाला हुद्द्यांचा फारसा उपयोग नाही. एक वही घ्या आणि तुमच्या सहीने किंवा शब्दाने जे निर्णय होत होते ते लिहून काढा. नव्या बंद्याला कोणत्या बराकीत ठेवायचे? तक्रार खरी मानून चौकशी लावायची का? झडती कधी घ्यायची, किती खोल घ्यायची? शिस्तभंगाची सुनावणी कशी चालवायची? नातेवाइकांशी होणारी भेट, म्हणजे मुलाखत, कधी रोखायची? आजारी माणसाला बाहेरच्या रुग्णालयात पाठवायचे, तर पहारा किती द्यायचा? सुटकेचे कागद तपासताना कुठे थांबायचे?

प्रत्येक निर्णयासमोर चार गोष्टी लिहा: त्या वेळी हातात कोणती माहिती होती, कोणती नव्हती, नियम काय सांगत होता आणि निर्णय चुकला तर किंमत कोण मोजत होते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक जण रिकामा सोडतात. झडती ढिली झाली तर किंमत सहबंदी आणि पहारेकरी मोजतात. ती गरजेपेक्षा कडक झाली तर ज्याची झडती घेतली तो मोजतो, आणि पुढच्या वेळी माहिती द्यायला कोणी पुढे येत नाही.

यादी २५-३० निर्णयांपर्यंत सहज जाते. त्यातले ज्यांवर तुम्ही सलग तासभर प्रश्नांना तोंड देऊ शकाल असे चार-पाच निवडा. पहिल्या सत्राला तेवढे पुरतात. अख्खा तुरुंग शिकवायचा हट्ट धरला की शिकवणे नियमपुस्तिकेच्या वाचनावर घसरते.

दुसरी पायरी: काय सांगता येणार नाही ते आधी ठरवा

नोकरीत असाल तर बाहेर शिकवण्याची लेखी परवानगी घ्या. मानधन, वेळ आणि विषय या तिन्ही गोष्टी तीत स्पष्ट असाव्यात. निवृत्त असाल तरी गोपनीयतेचे बंधन सेवेबरोबर संपत नाही. न्यायप्रविष्ट प्रकरण, चौकशी चालू असलेला कोठडीतला मृत्यू, खबरी बंद्यांची माहिती, वैद्यकीय नोंदी आणि कॅमेऱ्यांचे चित्रीकरण वर्गात आणायचेच नाही. ‘शैक्षणिक हेतू’ हे कारण यातल्या कशालाही पुरत नाही.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा सर्वांत मोठा गैरसमज. दुर्मीळ गुन्हा, लहान तुरुंग आणि ठरावीक वर्ष या तीन गोष्टी एकत्र आल्या की नावाची गरजच उरत नाही. त्यामुळे दोन-तीन प्रकरणे मिसळून एक तयार करा. गुन्ह्याचा प्रकार, वय, ऋतू, बराकीची रचना बदला. निर्णयाचा पेच मात्र जसाच्या तसा ठेवा. मग स्वतःला विचारा: त्या काळात तिथे काम केलेल्या कोणी हे वाचले, तर तो माणूस ओळखू येईल का? उत्तर ‘कदाचित’ असेल तर आणखी बदल करा.

सुरक्षेच्या बाबतीत तत्त्व शिकवा, कृती नको. प्रतिबंधित वस्तू मुलाखतीतून, पुरवठ्याच्या गाडीतून, टपालातून, भिंतीवरून आणि कर्मचाऱ्यांमार्फत आत येतात. प्रत्येक वाटेवरचा बंदोबस्त वेगळा असतो आणि एक वाट बंद केली की दुसरीवर ताण येतो, एवढे पुरेसे आहे. कोणती वस्तू कशात लपते याचा तपशील दिला की वर्ग खूश होतो, पण शिक्षण होत नाही.

तिसरी पायरी: अनुभवाला सिद्धांताची जोड द्या, आणि त्याला अनुभव खोडूही द्या

तुरुंगाविषयीचे संशोधन वाचताना अनुभवी माणसाच्या दोन प्रतिक्रिया होतात. एक, ‘हे तर आम्हाला माहीतच होते’. दुसरी, ‘यांनी तुरुंग पाहिलेला नाही’. दोन्ही बाजूला ठेवून वाचा.

सुरुवात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशॅम साइक्सपासून करावी. न्यू जर्सीच्या कडक पहाऱ्याच्या तुरुंगाचा त्याचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिवासात माणूस पाच गोष्टींना मुकतो असे त्याने मांडले: स्वातंत्र्य, वस्तू व सेवा, स्त्री-पुरुष संबंध, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा आणि सुरक्षितता. पण प्रशासकाला त्याचा दुसरा मुद्दा जास्त जवळचा वाटेल. पहारेकऱ्याची सत्ता कागदावर संपूर्ण असते, प्रत्यक्षात ती झिजत जाते. रोजच्या सहवासातल्या मैत्रीमुळे झिजते, ‘तू बराक शांत ठेव, मी काणाडोळा करतो’ अशा देवघेवीमुळे झिजते आणि किरकोळ कामे हळूहळू बंद्यांच्याच हाती गेल्यामुळे झिजते. ज्या कचेरीत जुना बंदीच रजिस्टरे लिहितो, तिथे काम केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विद्यार्थ्याला सांगताना मात्र ‘भ्रष्ट कर्मचारी’ या सोप्या खुलाशावर थांबू नका. ही झीज प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही का होते, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी जोडी वादाची घ्या. डोनाल्ड क्लेमरने १९४० मध्ये मांडले की तुरुंगाची संस्कृती बंद्यामध्ये आत आल्यावर मुरते. जॉन अर्विन आणि डोनाल्ड क्रेसी यांनी १९६२ मध्ये दाखवले की त्या संस्कृतीचा मोठा भाग बंदी बाहेरूनच घेऊन येतात. तुमच्या अनुभवातली एखादी टोळी, एखादी बराक दोन्ही चष्म्यांतून वर्गाला पाहू द्या. निकाल लावायची घाई करू नका.

बंदी सुधारतात का या प्रश्नावर रॉबर्ट मार्टिन्सनचा सुधारणा कार्यक्रमांच्या परिणामांविषयीचा १९७४ चा लेख टाळता येत नाही. ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असा त्याचा अर्थ लावला गेला आणि पुढची कित्येक वर्षे धोरणावर त्याची सावली पडली. मार्टिन्सनने स्वतः १९७९ मध्ये त्या निष्कर्षाला मुरड घातली, हे मात्र अनेक जण सांगायचे विसरतात. त्याला जोडूनच १९९० मध्ये अँड्र्यूज, बोंटा आणि होग यांनी मांडलेली जोखीम-गरज-प्रतिसाद ही चौकट शिकवा: जोखीम जास्त तिथे मदत जास्त, गुन्ह्याशी निगडित गरजांवर काम, माणसाला पेलेल अशी पद्धत. जोखीम कमी असलेल्या माणसाला कडक कार्यक्रमात घातले तर उलटा परिणाम होऊ शकतो, हा मुद्दा वर्गात नेहमी चर्चा पेटवतो.

इथे एक धोका आहे आणि तो अनुभवी शिक्षकालाच जास्त आहे. तुरुंगाधिकाऱ्याला परत आलेला माणूस दिसतो. सुटून गेलेला आणि पुन्हा न आलेला कधीच दिसत नाही. त्यामुळे ‘हे सुधारत नाहीत’ हे मत अनुभवातून आले असले तरी एकतर्फी नमुन्यावर उभे असते. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांगा, म्हणजे तुमच्या पुढच्या प्रत्येक विधानाकडे ते त्या नजरेने पाहतील. शिक्षकाचा मान त्याने कमी होत नाही.

चौथी पायरी: आकडे शिकवा, कारण इतर शिक्षक ते टाळतात

तुरुंगाची लोकसंख्या हा वर्गात हमखास चुकणारा विषय आहे. पुढचा हिशेब फळ्यावर करा. समजा एका तुरुंगात दर वर्षी १००० माणसे येतात. ९०० जण सरासरी १० दिवस राहतात आणि १०० जण ३ वर्षे. ही आवक वर्षानुवर्षे तशीच आहे. आता कोणत्याही एका दिवशी आत कोण असेल? थोडे दिवस राहणारे ९०० गुणिले १०, म्हणजे ९,००० दिवस. भागिले ३६५, सुमारे २५ माणसे. लांब मुदतीचे १०० गुणिले १,०९५, भागिले ३६५, बरोबर ३०० माणसे. म्हणजे आवकीत ९० टक्के असलेले लोक मोजणीच्या दिवशी जेमतेम साडेसात टक्के दिसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. ‘तुरुंगात कोण आहे’ आणि ‘तुरुंगातून कोण जाते’ हे वेगळे प्रश्न आहेत. आणि गर्दी कमी करायची तर आवक घटवण्याइतकेच मुक्कामाची लांबी घटवणेही महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्यांना ३ वर्षांऐवजी अडीच घालून पुन्हा हिशेब करायला सांगा: ३०० चे २५० होतात. मग थोड्या मुक्कामाची आवक निम्मी करून पाहायला लावा. फरक फक्त १२-१३ माणसांचा पडतो. पण नव्या बंद्याला दाखल करून घेण्याची प्रक्रिया, पहिली वैद्यकीय तपासणी आणि आत्महत्येच्या जोखमीची पाहणी यांवरचा भार जवळपास निम्मा होतो. लोकसंख्येच्या आकड्यात हा भार दिसत नाही. तो जाणवतो बंद्यांना दाखल करून घेणाऱ्या कक्षात.

पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याच्या प्रमाणाचेही तसेच. सुटलेल्या २०० जणांपैकी तीन वर्षांत ९० जणांना पुन्हा अटक झाली, ६० दोषी ठरले आणि ४० तुरुंगात परतले असे धरा. प्रमाण ४५, ३० की २० टक्के? तिन्ही बरोबर. म्हणून कोणताही आकडा पुढे आला की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारायला हवेत: काय मोजले, किती काळ मोजले, कोणाला मोजले.

पाचवी पायरी: एक प्रसंग तासभराचा कसा करायचा

चांगल्या प्रसंगात एक भूमिका असते, घड्याळ असते, परस्परांशी भांडणारी दोन रास्त उद्दिष्टे असतात आणि माहिती अपुरी असते. लांबी ३०० ते ४०० शब्द. त्याहून मोठा प्रसंग अर्धा वर्ग वाचतच नाही.

नमुना घ्या. संध्याकाळची मोजणी. रजिस्टरवर ४१२, प्रत्यक्षात ४११. मुलाखत संपवून २३ नातेवाईक आतल्या फाटकापाशी थांबले आहेत, त्यांत लहान मुले आहेत. पुरवठ्याची रिकामी गाडी बाहेर पडायची आहे. दोन बराकींत रात्रीची औषधे वाटायची आहेत. विद्यार्थी पाळीवरचा अधिकारी आहे. पहिल्या १० मिनिटांत काय?

चार-पाच जणांचे गट करा आणि ७ मिनिटे द्या. मग पहिली चिठ्ठी: दुसरी मोजणीही ४११. पुन्हा ५ मिनिटे. दुसरी चिठ्ठी: स्वयंपाकघराच्या यादीत १४ नावे आहेत, माणसे १३. तिसरी: तुरुंगातल्या रुग्णालयाच्या वहीत दुपारी दाखल झालेल्या एकाचे नाव आहे, पण ते वेगळ्या पद्धतीने लिहिले आहे आणि मुख्य रजिस्टरवर त्याच्या हालचालीची नोंदच नाही.

आता चर्चा. कोणी सगळी हालचाल थांबवली? कोणी गाडी सोडली? नातेवाइकांना कोणी सांगितले, आणि काय सांगितले? औषधे कोणी अडवली? वरिष्ठांना कोणत्या क्षणी कळवले? यानंतरच मोजणी का चुकते ते सांगा. हालचाल चालू असताना मोजणी घेतली. पांघरुणाखालचा माणूस हलताना न पाहता धरला. मोजणारा आणि लिहिणारा एकच होता. नावाची हाक मारली आणि उत्तर दुसऱ्यानेच दिले. बाहेर गेलेल्याची नोंद पाळी बदलताना राहिली. प्रत्येक कारणावर एक उपाय आहे आणि प्रत्येक उपायाला मनुष्यबळ लागते. ते नसते तेव्हा काय होते, तिथे साइक्सकडे परत या.

वेळेचा हिशेब असा: १० मिनिटे पार्श्वभूमी, २० मिनिटे गटकार्य, १५ चर्चा, १० सिद्धांताची जोड आणि शेवटची ५ मिनिटे एका ओळीच्या लेखी उत्तरासाठी. ‘माझा कोणता निर्णय मी बदलेन?’ एवढाच प्रश्न. या चिठ्ठ्या जमा करा. पुढच्या तासाची सुरुवात त्यांतूनच होते.

एक पथ्य कसोशीने पाळा. ‘प्रत्यक्षात आम्ही काय केले’ हे शेवटी जाहीर करू नका. केलेत, तर वर्ग तेच बरोबर उत्तर धरतो आणि पुढच्या प्रसंगापासून तुमच्या मनातले ओळखण्याचा खेळ सुरू होतो.

सहावी पायरी: मोजपट्टी बाहेरची ठेवा

एखाद्या तुरुंगाची पद्धत बरोबर की चूक हे ‘आमच्याकडे असेच होते’ या आधारावर ठरवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचे बंद्यांच्या वागणुकीचे किमान नियम १९५५ मध्ये तयार झाले आणि २०१५ मध्ये सुधारून नेल्सन मंडेला यांच्या नावाने स्वीकारले गेले. एकूण १२२ नियम. ते सगळे शिकवायची गरज नाही, पण काही प्रसंगांशी थेट जोडता येतात. नियम २७: वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसाचाच, तुरुंगाचा इतर कर्मचारी तो फिरवू शकत नाही. नियम ४३ ते ४५: दिवसातले २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणे म्हणजे एकांतवास, सलग १५ दिवसांपलीकडे तो प्रदीर्घ ठरतो आणि निषिद्ध आहे, सामूहिक शिक्षा आणि अन्नपाण्यात कपातही निषिद्ध. नियम ८२: बळ फक्त स्वसंरक्षण, पलायनाचा प्रयत्न आणि कायदेशीर आदेशाला शारीरिक विरोध या प्रसंगी, तेही गरजेपुरते, आणि त्याचा अहवाल ताबडतोब. महिला बंद्यांसाठी २०१० चे बँकॉक नियम वेगळे आहेत, ७० आहेत, आणि ते वाचल्याशिवाय बंद्यांना दाखल करून घेणे किंवा झडती हा विषय पुरा होत नाही.

तुमच्या जुन्या तुरुंगात यातला एखादा नियम पाळला जात नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा, पण कारणांसकट. शिक्षक खात्याचा प्रवक्ता नसतो, आणि खात्यावर सूड उगवणाराही नसतो.

सातवी पायरी: गुण कशाला द्यायचे

घटना अहवाल हा सर्वांत उपयोगी लेखी अभ्यास आहे. एक पान, २० गुण. काय पाहिले आणि काय गृहीत धरले हे वेगळे ठेवले का, याला ६; घटनाक्रम आणि वेळा यांना ४; लागू नियमाला ४; पर्यायांच्या विचाराला ४; भाषेला २. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक जण ‘बंदी आक्रमक झाला’ असे लिहितो. परत द्या आणि विचारा: हात कुठे होते, अंतर किती होते, शब्द काय होते? पोलीस, वकील, समाजसेवक, काहीही झाले तरी हे कौशल्य त्यांना लागणार आहे.

निकष पहिल्या दिवशी लेखी द्या. तुरुंगात आदेश तोंडी दिला तरी चालून जातो. गुणांविषयी तक्रार आली की वर्गात कागदच लागतो.

वर्गातल्या वागण्याविषयी

हुकूम देण्याची सवय आवाजात उतरते आणि ती आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही. विद्यार्थ्याने उलट प्रश्न विचारला तर तो अवज्ञा करत नसतो. प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजून मग बोला. शांतता भरून काढायची घाई नको.

वर्गात कोणाचा भाऊ आत असू शकतो, कोणी स्वतः आत राहून आलेला असू शकतो, कोणी गुन्ह्याचा बळी असू शकतो. ते हात वर करून सांगणार नाहीत. आत्महत्या, लैंगिक अत्याचार किंवा मारहाण यांवरचा तास असेल तर आदल्या तासाला कळवा आणि प्रसंग वाचून दाखवण्याऐवजी छापून द्या. बंद्यांची टिंगल, त्यांना दिलेली टोपणनावे, ‘असल्या लोकांना’ हा सूर कचेरीतल्या चहाबरोबर चालत असेल. वर्गात तो एकदाच निघाला तरी पुढचे सत्र काहींसाठी संपते.

तुरुंगभेटीचा मोह सर्वांना होतो. ओळखी असतात, परवानगी मिळते. पण माणसांना पाहण्याची सहल होणार असेल तर नेऊ नका. न्यायचेच असेल तर आधी एक पूर्ण तास तयारीला द्या: मोबाइल बाहेर, ओळखपत्र जवळ, कोणालाही गुन्हा विचारायचा नाही, बोलायचे की नाही हे समोरच्याने ठरवायचे. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या व्यक्तीला वक्ता म्हणून बोलावणे पुष्कळदा अधिक शिकवून जाते. इतर पाहुण्यांना देता तेच मानधन तिलाही द्या. तिसरा मार्ग विद्यापीठांनी चालवून दाखवला आहे: अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात लोरी पॉम्पा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘इन्साइड-आउट’ या कार्यक्रमात बाहेरचे विद्यार्थी आणि आतले विद्यार्थी तुरुंगातच एकत्र बसून एकच अभ्यासक्रम शिकतात.

शिरकाव कुठून

एका पाहुण्या व्याख्यानापासून. मग तीन-चार तासांचा घटक, मग अर्धवेळ पूर्ण विषय. पूर्णवेळ पदासाठी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी, बरेचदा डॉक्टरेट आणि प्रकाशित लेखन मागतात. सेवेची वर्षे त्याची जागा घेत नाहीत. विभागप्रमुखाला भेटताना बायोडेटाबरोबर एका विषयाचा १२ ते १५ आठवड्यांचा आराखडा, एक तयार प्रसंग आणि एक गुणपद्धती न्या. ‘मी काहीही शिकवू शकतो’ या वाक्याने कोणाचीच सोय होत नाही. ‘कोठडीतले आरोग्य आणि बंद्यांचे वर्गीकरण हे दोन घटक मी उद्यापासून घेऊ शकतो’ यावर पुढचे बोलणे होते.

प्रास्ताविक विषय मिळाला तर लक्षात ठेवा की त्यात पोलीस, न्यायालय आणि शिक्षेची अंमलबजावणी हे तिन्ही भाग असतात, आणि तुमचा अनुभव शेवटच्या तृतीयांशाचा आहे. पहिल्या दोन भागांची तयारी सत्र सुरू होण्याआधी पूर्ण करा. नाहीतर प्रत्येक चर्चा तुरुंगाच्या फाटकाशी येऊन थांबते, आणि अटक, जामीन, परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे सोडणे) हे विषय घाईत उरकतात. दर सत्राच्या शेवटी तुमचे प्रसंग नव्या नियमांशी आणि निकालांशी पडताळून पाहा. सेवा सोडून पाच वर्षे झाली असतील तर वर्गीकरणाचे नमुने, तक्रार यंत्रणा आणि दूरदृश्य मुलाखतीची पद्धत यांची माहिती सध्या सेवेत असलेल्या कोणाकडून तरी करून घ्या, आणि जुना प्रसंग वापरताना तो कोणत्या काळातला आहे हे कागदाच्या वरच्या ओळीतच लिहा.